चार्टर शाळांचा वाद: पैसा मुलामागे जातो, खर्च मागे राहतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहीण अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या चँडलरला राहते, भाचीला तिथल्या एका चार्टर शाळेत लॉटरीनं प्रवेश मिळाला, घरात आनंद आहे. पण बहिणीची शेजारीण सरकारी शाळेत शिकवते आणि ती म्हणाली, 'या शाळांनीच आमच्या शाळा पोखरल्या.' तुम्ही स्वतः सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहात, म्हणून विचारताय की यात खरं कोणाचं, आणि उद्या हे आपल्याकडे आलं तर काय होईल.

मी न्यू जर्सीत शाळांच्या अंदाजपत्रकांचं काम करते. बरीच वर्षं सरकारी डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेत केलं, नंतर एका चार्टर संस्थेत. दोन्हीकडच्या जमाखर्चाच्या वह्या मी लिहिल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. भाचीची शाळा उत्तम असू शकते आणि शेजारणीच्या शाळेचं नुकसानही तितकंच खरं असू शकतं. नुकसान किती होतं, ते त्या राज्याच्या कायद्यावर ठरतं: शाळेला परवानगी कोण देतं, वाईट शाळा बंद कोण करतं, आणि मुलं गेल्यावर मागे राहिलेला खर्च कोण उचलतं. टीव्हीवरच्या चर्चेत या तीन गोष्टी क्वचितच येतात.

आधी चार्टर शाळा म्हणजे काय ते सांगते, कारण भारतात तिची खासगी शाळेशी गल्लत होते. या शाळेला फी नसते. पैसा सरकारचा, राज्याची परीक्षा बंधनकारक, धर्मशिक्षणाला मनाई. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की लॉटरी काढावी लागते. फक्त ती चालवतं स्वतंत्र मंडळ. मंडळाचा परवानगी देणाऱ्या यंत्रणेशी ठरावीक वर्षांचा करार असतो. शिक्षक नेमणं, शाळेची वेळ, शिकवण्याची पद्धत यांत मंडळाला मोकळीक असते आणि निकाल किंवा हिशेब बिघडला तर करार संपतो. व्हाउचरचं प्रकरण वेगळं. तिथं सरकारचा पैसा पालकाच्या हाती जातो आणि तो खासगी, धार्मिक शाळेतही चालतो. तुमच्या बहिणीच्या राज्यानं २०२२ मध्ये ही दुसरी वाटही सगळ्या मुलांना खुली केली, त्यामुळे तिथं आता दोन्ही वाद एकमेकांत मिसळलेत. ओक्लाहोमात तर एका कॅथलिक संस्थेनं ऑनलाइन चार्टर शाळाच मागितली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, मे २०२५ मध्ये न्यायमूर्तींची मतं ४ विरुद्ध ४ अशी पडली आणि राज्याच्या न्यायालयानं दिलेला नकार कायम राहिला. उद्या नऊही न्यायमूर्ती बसले तर काय होईल, याची चिंता चार्टरवाल्यांनाही आहे.

या कल्पनेचा जन्म बहुतेकांना ठाऊक नसतो. आज शिक्षक संघटना चार्टरच्या विरोधात उभ्या दिसतात, पण १९८८ मध्ये ही कल्पना देशासमोर मांडली ती शिक्षकांच्याच एका मोठ्या संघटनेच्या अध्यक्षानं, अल्बर्ट शँकर यांनी. मूळ विचार मॅसॅच्युसेट्सचे प्राध्यापक रे बड यांचा. शँकर यांच्या मनात होतं की काही शिक्षकांनी मिळून शाळेतच एक छोटी प्रयोगशाळा चालवावी, जमलं ते सगळ्यांना शिकवावं. १९९१ मध्ये मिनेसोटानं पहिला कायदा केला, १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. मग नफा कमावणाऱ्या कंपन्या शिरल्या, शिक्षकांचा प्रयोग बाजूला पडून स्पर्धेची भाषा आली, आणि शँकर स्वतःच टीकाकार झाले. पुढे डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष क्लिंटन, ओबामा यांनीही चार्टरला हात दिला, त्यामुळे ही केवळ उजव्या पक्षाची योजना आहे असं म्हणणं चुकीचं. २०२१-२२ मध्ये देशात सुमारे ३७ लाख मुलं या शाळांत होती, सरकारी शाळांतल्या एकूण मुलांच्या ७ टक्क्यांच्या आसपास. पण ही सरासरी फसवी आहे. ॲरिझोनात पाचातलं एक मूल चार्टरमध्ये आहे, डेट्रॉइटमध्ये जवळपास निम्मी, न्यू ऑर्लीन्समध्ये जवळजवळ सगळी.

आता हिशेब. हा नीट समजला तर बाकीचा वाद अर्धा सुटतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

एक शहर कल्पनेनं धरू. दहा प्राथमिक शाळा, प्रत्येकीत बालवर्ग ते पाचवी अशा सहा इयत्ता, दर इयत्तेच्या तीन तुकड्या, तुकडीत २४ मुलं. एकूण १८० तुकड्या आणि ४,३२० मुलं. शहरात चार्टर शाळा उघडते आणि १२० मुलं तिकडे जातात. ती एकाच शाळेतून, पूर्ण तुकड्यांनी गेली असती तर पाच तुकड्या बंद करून मोकळे झालो असतो. तसं कधीच होत नाही. दर शाळेच्या दर इयत्तेतून सरासरी दोन मुलं जातात. इयत्तेत ७२ होती, आता ७०. तुकड्या २४, २३ आणि २३ च्या. शिक्षक तेवढेच लागतात, मुख्याध्यापक तेवढेच, बसचा मार्ग तोच, थंडीत बॉयलर तेवढाच तापवावा लागतो.

पैसा मात्र गेला, कारण तो मुलाबरोबर चार्टरकडे जातो. मुलामागे १५,००० डॉलर धरले तर १२० मुलांमागे १८ लाख डॉलर. पगार, आरोग्य विमा, निवृत्तीवेतन धरून एका शिक्षकाचा खर्च लाखभर डॉलर मानला तर अठरा पदांचे पैसे झाले, आणि तुकडी एकही कमी झालेली नाही. मग अठरा पदं कुठून काढायची? वर्गशिक्षकाला हात लावता येत नाही, म्हणून वर्गाबाहेरच्यांवर कुऱ्हाड पडते: ग्रंथपाल, संगीत शिक्षक, समुपदेशक, वाचनात मागे पडलेल्या मुलांना वेगळं घेऊन बसणारी शिक्षिका. गळकं छप्पर आणखी एका वर्षावर ढकललं जातं. पुढच्या वर्षी पालक बघतात की इथं संगीत नाही, ग्रंथालयाला कुलूप आहे, आणि आणखी मुलं निघतात.

न्यू जर्सीत कायम न झालेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी नेमणूक आहे की नाही हे १५ मेपर्यंत लेखी कळवावं लागतं. त्याआधीचे दोन महिने आमच्या कार्यालयात सगळ्यांचे चेहरे उतरलेले असायचे. एका वर्षी एका शाळेतल्या वाचनाच्या शिक्षिकेचं पद गेलं. जिन्याखालच्या खोलीत ती दोन-दोन मुलांना घेऊन बसायची. खोलीत लहान मुलांच्या उंचीच्या खुर्च्या, लाकडी अक्षरांची पेटी आणि भिंतीवर प्रत्येक मुलानं वाचून संपवलेल्या पुस्तकांची यादी. त्या शाळेतून चार्टरला गेलेली मुलं होती अकरा. तिच्याकडे शिकणारी मुलं त्याहून जास्त होती, आणि त्यातलं एकही चार्टरला गेलं नव्हतं. जुलैत खुर्च्या गोदामात गेल्या. चार्टरच्या शिक्षकांनी यात काहीही वावगं केलं नव्हतं, ते त्यांच्या वर्गात मन लावून शिकवत होते. तरीही या मुलांचं नुकसान झालंच, आणि ते कुठल्याही निकालपत्रकात 'चार्टरचा परिणाम' म्हणून नोंदलं गेलं नाही.

यात आणखी बारकावे आहेत. आमच्या राज्यात १५ ऑक्टोबरच्या पटावर राज्याचं अनुदान ठरतं, डिस्ट्रिक्टला मुलामागच्या खर्चाचा ठरावीक भाग, कायद्याच्या भाषेत ९० टक्के, चार्टरकडे वळता करावा लागतो. पण लांब राहणाऱ्या चार्टरच्या मुलांची बस डिस्ट्रिक्टनंच द्यायची. चार्टरमधल्या एखाद्या मुलाला गंभीर अपंगत्वामुळे खास खासगी शाळेत पाठवायची वेळ आली तर ते बिलही डिस्ट्रिक्टचंच. असं एक बिल वर्षाला एका शिक्षकाच्या पगाराच्या वर सहज जातं.

चार्टरच्या बाजूलाही ओढाताण असते, ती मी नंतर पाहिली. ते ९० टक्के प्रत्यक्षात अनेकदा ९० नसतात, कारण काही प्रकारची अनुदानं त्या गणितात धरलीच जात नाहीत. इमारत बांधायला राज्याचा पैसा सहसा मिळत नाही. मग भाडं वर्गखोलीच्या पैशातून जातं. शाळा दरवर्षी एक इयत्ता वाढवत नेते, त्यामुळे पहिली काही वर्षं एक मुख्याध्यापिका, एक हिशेबनीस आणि मूठभर शिक्षक सगळं ओढतात. शिक्षक तरुण असतात, दिवस लांब, पगार कमी, आणि तीन-चार वर्षांत बरेच जण थकून निघून जातात. 'चार्टरवाले पैशात लोळतात' हे ऐकलं की मला वाईट वाटतं. आपली कमाई भाड्यात घालणारी शाळा मी जवळून पाहिली आहे.

कॅलिफोर्नियात ओकलंड शहराबद्दल २०१८ मध्ये एक अभ्यास झाला. चार्टरमुळे तिथल्या डिस्ट्रिक्टवर वर्षाला ५ कोटी ७३ लाख डॉलरचा निव्वळ बोजा पडतो असा त्याचा निष्कर्ष होता. चार्टर समर्थकांनी त्यावर आक्षेप घेतले, आणि त्यातला एक रास्त आहे: पट घसरण्याला जन्मदर आणि घरभाडीही कारण असतात, मग सगळं खापर चार्टरवर का? डिस्ट्रिक्टनं वेळीच रिकाम्या शाळा एकत्र केल्या असत्या तर बोजा कमी झाला असता, हेही खरं. पण गल्लीतली शाळा बंद करायचं म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा बदलला आणि नव्या चार्टरला परवानगी देताना डिस्ट्रिक्टच्या तिजोरीवर काय परिणाम होईल हे तपासायची मुभा दिली. मला हा बदल पटतो.

आता शिकण्याचं काय? दोन्ही बाजू हवा तो आकडा उचलतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संशोधन केंद्राचा २००९ चा अहवाल विरोधकांचा आवडता. त्यात गणितात १७ टक्के चार्टर शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के कमी पडल्या, बाकीच्यांत फरक नव्हता. त्याच केंद्राचा २०२३ चा अहवाल समर्थकांचा आवडता. त्यात चार्टरची मुलं सरासरीनं वाचनात वर्षाला १६ आणि गणितात ६ दिवसांच्या शिकवणीइतकी पुढे दिसली. 'दिवस' हे माप संशोधकांनी गुणांवरून काढलेलं आहे, ते शब्दशः घेऊ नका. पण मधल्या काळात वाईट शाळा बंद झाल्या आणि चांगल्या संस्था वाढल्या, हे मला कामातही दिसलं.

सरासरीच्या खाली दोन टोकं दडली आहेत. शहरातल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या चार्टर शाळांचे निकाल ठळकपणे चांगले आहेत. बॉस्टनचा पुरावा सगळ्यात भक्कम, कारण तिथं लॉटरी लागलेली आणि न लागलेली मुलं ताडून पाहिली गेली. दोन्हीकडे अर्ज करण्याइतके जागरूक पालक होतेच, फरक फक्त चिठ्ठीचा. जिंकलेल्यांची प्रगती, विशेषतः गणितातली, मोठी होती. 'हुशार पालकांचीच मुलं तिकडे जातात' हा आक्षेप निदान बॉस्टनपुरता टिकत नाही, आणि चार्टरला विरोध करणाऱ्यांनी हे मोकळ्या मनानं मान्य करावं असं मला वाटतं. दुसरं टोक ऑनलाइन चार्टर शाळांचं. २०२३ च्याच अहवालात ती मुलं वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे होती. अशा शाळांना पूर्ण वेळचा पैसा देणं मला सरळसरळ गैर वाटतं.

आणि मागे राहिलेल्या मुलांचे निकाल? तुम्हाला वाटेल की ते कोसळले असतील. न्यूयॉर्क शहरात झालेल्या अभ्यासात चार्टर जवळ असलेल्या सरकारी शाळांतली मुलं किंचित सुधारलेलीच दिसली. इतरत्रही घसरण दाखवणारे पुरावे कमी आहेत. हे माझ्या हिशेबाशी विसंगत वाटेल, पण कारण तपासा. न्यूयॉर्कमध्ये मुलामागचा खर्च देशातल्या सर्वांत जास्त खर्चांपैकी आहे, धक्का पचवायला जागा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या मोडकळीला आलेल्या लहान शहरात ती जागा नसते. शिवाय परीक्षेत वाचन आणि गणित मोजतात. बंद पडलेलं ग्रंथालय त्यात दिसत नाही.

प्रवेशाबद्दलची तक्रार अधिक गुंतागुंतीची आहे. कायद्यानं लॉटरी सगळ्यांना खुली असते. गाळणी नंतर लागते. केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१२ मध्ये दाखवलं की चार्टरमध्ये ८ टक्के मुलं अपंगत्व असलेली होती, इतर सरकारी शाळांत ११. काही राज्यांत बस नाही, जेवण नाही, म्हणजे गाडी नसलेल्या आईचं मूल आपोआप बाद. काही संस्था गळालेल्या मुलांच्या जागा भरत नाहीत. न्यूयॉर्कची सक्सेस अकॅडमी चौथीनंतर नवी मुलं घेत नसे, आणि २०१५ मध्ये तिच्या एका शाळेत 'जायलाच हवं' अशा मुलांची यादी केल्याचं उघड झालं तेव्हा मोठा गहजब झाला होता. मधल्या वर्षात शाळा सोडणारं मूल शेवटी सरकारी शाळेच्या दारात येतं, आणि तिला नाही म्हणता येत नाही. पेनसिल्व्हेनियात तर सूत्रच असं होतं की अपंगत्वाची तीव्रता न बघता चार्टरला डिस्ट्रिक्टच्या सरासरी खर्चाइतका पैसा मिळे. मग बोलण्यात सौम्य दोष असलेलं मूल घ्यायचं आणि गंभीर आजाराचं मूल डिस्ट्रिक्टकडे राहू द्यायचं, यात फायदा होता. एखाद्या संस्थेची नियत चांगली असली तरी सूत्र तिला तिकडेच ढकलतं.

देखरेखीचं बोलायचं तर मिशिगनकडे बघा. तिथं परवानगी बहुतांशी विद्यापीठं देतात आणि त्या शाळेच्या सरकारी पैशातून ३ टक्क्यांपर्यंत शुल्क घेतात. जितक्या शाळा तितकं उत्पन्न, मग बंद करायची घाई कोणाला? बहुतेक शाळा नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांच्या हाती. डेट्रॉइटमध्ये परिणाम असा झाला की एका भागात जागा भरपूर आणि दुसऱ्या भागात शाळाच नाही, पालक दरवर्षी मुलाला इकडून तिकडे हलवतायत. ओहायोतली ई-कॉट ही ऑनलाइन शाळा जानेवारी २०१८ मध्ये, शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना बंद पडली, कारण शिकत नसलेल्या मुलांचेही पैसे तिनं घेतल्याचं पटपडताळणीत निघालं होतं. सुमारे १२,००० मुलांना ऐन थंडीत नवी शाळा शोधावी लागली. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये एकोणीस ऑनलाइन चार्टर शाळांच्या जाळ्याविरुद्ध खटला झाला, आरोपी अकरा. तिथंही गाभा खोट्या पटाचाच. आपल्याकडे २०११ ची पटपडताळणी आठवत असेल तर यातलं काहीच तुम्हाला नवं वाटणार नाही.

न्यूअर्क आणि न्यू ऑर्लीन्स या दोन शहरांबद्दल मात्र आकड्यांपलीकडचं बोलायला हवं.

न्यू ऑर्लीन्समध्ये २००५ च्या कत्रिना वादळानंतर राज्यानं बहुतेक शाळा ताब्यात घेतल्या आणि एकेक करून चार्टर संस्थांना दिल्या. सात हजारांहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढलं. त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, अनेकांची घरं पुरात गेली होती. शहराचा मध्यमवर्ग त्यांच्या पगारावर उभा होता. पुढच्या दहा वर्षांत मुलांचे निकाल खरोखर सुधारले, टुलेन विद्यापीठातल्या संशोधकांनी हे काळजीपूर्वक मोजलं आहे. मुलं पदवीपर्यंत जास्त पोचली. आणि तरीही तिथल्या लोकांच्या मनातला राग गेला नाही, कारण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. २०२४ मध्ये डिस्ट्रिक्टनं पुन्हा स्वतः चालवायची एक शाळा उघडली, तेव्हा त्या एका शाळेचं किती कौतुक झालं ते पाहण्यासारखं होतं.

न्यूअर्क माझ्या कामाच्या टापूतलं. १९९५ ते २०१८ शाळा राज्याच्या ताब्यात होत्या. २०१० मध्ये फेसबुकच्या झकरबर्ग यांनी १० कोटी डॉलर जाहीर केले, तेही टीव्हीवर, शहरातल्या लोकांना आधी न विचारता. त्यातून आणि जोडीला जमलेल्या पैशातून बराचसा शिक्षकांच्या नव्या पगारकरारावर आणि चार्टर वाढवण्यावर गेला, सल्लागारांनीही २ कोटींच्या वर डॉलर नेले. २०१४ मध्ये सगळ्या शहराचे प्रवेश एकाच यादीतून द्यायला सुरुवात झाली. एका घरातली दोन भावंडं शहराच्या दोन टोकांना, असे प्रकार झाले, पालक रस्त्यावर आले. त्याच वर्षी या धोरणाला विरोध करणारे रास बराका महापौर झाले. पण न्यूअर्कच्या चांगल्या चार्टर शाळांपुढची प्रतीक्षायादीही तितकीच खरी. एका लॉटरीच्या संध्याकाळी चार्टरच्या सभागृहात एक आजी माझ्या शेजारी बसली होती. नातवाचा क्रमांक यादीत फार खाली आला. ती रागावली नाही, हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, 'याच्या आईच्या वेळेपासून आम्हाला सांगतायत की शाळा सुधारणार आहे.' २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या हक्क संघटनेनं, एनएएसीपीनं, चार्टरची वाढ थांबवा असा ठराव केला, तेव्हा मला ती आजी आठवली. संघटनेचे मुद्दे बरोबर होते. आजीला मात्र नातवाची पहिली याच वर्षी हवी होती.

मग मार्ग आहे का? माझ्या पाहण्यात सर्वांत शहाणा कायदा मॅसॅच्युसेट्सचा. परवानगी एकच राज्य मंडळ देतं, करार पाच वर्षांचा, वाईट शाळा बंद करायला ते कचरत नाही. एका डिस्ट्रिक्टचा किती पैसा चार्टरकडे जाऊ शकतो यावर मर्यादा आहे. आणि मुलं गेल्यावर डिस्ट्रिक्टला राज्य काही वर्षं भरपाई देतं: २०१९ च्या कायद्यानुसार वाढीव रकमेच्या पहिल्या वर्षी १०० टक्के, दुसऱ्या वर्षी ६०, तिसऱ्या वर्षी ४०. वर सांगितलेल्या काल्पनिक शहराला ही भरपाई मिळाली असती तर वाचनाच्या शिक्षिकेला काढायच्या ऐवजी तीन वर्षांत तुकड्या जुळवून घेता आल्या असत्या. तिथंही एक दुखणं होतंच. राज्यानं भरपाईची पूर्ण रक्कम कित्येक वर्षं दिलीच नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये चार्टरची मर्यादा वाढवायची का यावर लोकांचं मतदान झालं आणि देशातल्या सर्वोत्तम चार्टर शाळा असलेल्या या राज्यात ६२ टक्क्यांनी नकार दिला. बाहेरच्यांना ते विचित्र वाटलं. मला नाही वाटलं. भरपाई थकवणाऱ्या सरकारवर लोक आणखी विश्वास का टाकतील?

आता महाराष्ट्र. चार्टरची कल्पना आपल्याला परकी नाही. सरकारनं पगार द्यायचा आणि संस्थेनं शाळा चालवायची, हे आपल्या अनुदानित शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. रयतच्या शाळेत शिकलेले तुमच्या आजूबाजूला शेकड्यांनी असतील. फरक एवढाच की आपल्याकडे संस्थेचा निकाल खालावला म्हणून अनुदान थांबत नाही आणि नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या रकमेबद्दल सगळे जाणून गप्प बसतात. अलीकडे मुंबई-पुण्यात महापालिकेच्या शाळा आकांक्षा फाउंडेशनसारख्या संस्था चालवतात, ते तर चार्टरच्या फारच जवळचं रूप आहे, आणि त्यातल्या शाळांबद्दल मी चांगलंच ऐकलंय.

पण तुमच्या शाळेचं गणित ओकलंडसारखंच आहे. गावात किंवा शेजारच्या मोठ्या गावात स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळा निघते, तिची पिवळी बस वाडीत येते, दर इयत्तेतून दोन-तीन मुलं जातात. चौथीपर्यंतच्या शाळेचा पट दोन-तीन वर्षांत पन्नासावरून एकोणतीस होतो. चार इयत्ता चारच राहतात, शिकवणारे दोनच राहतात, पण संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या, कागदावर शाळा दरवर्षी थोडी आणखी किरकोळ दिसू लागते. वरच्या वर्गांच्या शाळेत एक पद अतिरिक्त ठरतं आणि समायोजनात शिक्षक दुसऱ्या तालुक्यात. मग उरलेले पालक म्हणतात, 'इथं गुरुजीच नाहीत.' इथं मुलामागे पैसा कुठल्या शाळेकडे वळत नाही, पालक स्वतःच्या खिशातून फी भरतो, एवढाच काय तो फरक. त्यामुळे उद्या कुठलं सरकार 'सरकारी शाळा चांगल्या संस्थांना चालवायला देऊ' असं म्हणालं तर विरोध की पाठिंबा हे लगेच ठरवू नका. आदेश मागवा आणि त्यात या गोष्टी शोधा: संस्थेनं वर्षाच्या मध्ये शाळा सोडली तर मुलं कोणाची जबाबदारी, गळालेल्या मुलाच्या जागी नवं मूल घेणं बंधनकारक आहे का, दिव्यांग मुलांची नोंद वेगळी द्यायची आहे का, आणि शेजारच्या शाळेचा पट त्यामुळे घसरला तर तिथली पदं किती वर्षं संरक्षित राहतील. शेवटचं कलम आपल्याकडच्या कुठल्याही चर्चेत मी अजून ऐकलेलं नाही. शिक्षक संघटनांनी आधी तेच मागायला हवं.

बहिणीसाठी. भाचीला पाठवायला माझी हरकत नाही आणि तिनं अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. फौजच्या फौज भारतीय मुलं तिथल्या बेसिससारख्या चार्टर शाळांत आहेत, १९९८ मध्ये टुसॉनला सुरू झालेली ती शाळा कडक अभ्यासासाठीच ओळखली जाते. फक्त प्रवेश पक्का करण्याआधी तिला हे करायला सांगा. ॲरिझोनाच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या शाळेचा इयत्तावार पट मिळतो. पाच वर्षांपूर्वी सहावीत किती मुलं होती आणि आज अकरावीत किती आहेत ते ताडून पाहायचं. मोठी गळती दिसली तर मुख्याध्यापकांना सरळ विचारायचं की ती मुलं कुठं गेली. बसची सोय नसेल तर रोजचं ने-आण कोण करणार हे आत्ताच ठरवायचं. त्या राज्यात पहिला करार पंधरा वर्षांचा असतो, म्हणून शाळा नवी असेल तर तिच्या मंडळावर कोण आहे आणि इमारतीचा मालक कोण आहे हेही बघायचं. मंडळातल्याच कोणाच्या नातेवाइकाला भाडं जात असेल तर दुसरी शाळा शोधा. आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत डिस्ट्रिक्टच्या अंदाजपत्रकवाढीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर आला तर, मूल चार्टरला जात असलं तरी, बहिणीनं मताचा हक्क असेल तर त्याच्या बाजूनं मत द्यावं. शेजारणीच्या वर्गात बसलेली मुलं त्याच वस्तीतली आहेत.